वेळेवर जाणाऱ्यांनीच काय पाप केलंय बे?

मला फक्त एवढं सांगा राजेहो, या आपल्या नागपुरात वेळेवर पोचणाऱ्या माणसाला काही किंमत आहे का नाही? शांतपणे विचारून राहिली आहे, कारण काल रात्री घरी येऊन इतकी ओरडली की आता घसाच बसलाय, आणि नवरा सकाळपासून मुकाट्यानं आपला चहा आपणच करून पिऊन राहिला आहे.

सोमवार ते शुक्रवार ऑफिस असलं की बाहेरची सगळी कामं शनिवारवर येऊन पडतात, हे नोकरी करणाऱ्या बायांना वेगळं सांगायला नको. त्यातही बँकेचं काम असेल तर कोणताही शनिवार चालत नाही, दुसरा आणि चौथा २०१५ पासून बंद असतो, म्हणून तिसरा शनिवार धरून मी सगळं बसवलं होतं. सकाळी बँक, मग गोकुळपेठेत टेलर, मग बर्डी म्हणजे सीताबर्डीचा बाजार, जमलं तर संत्री, आणि संध्याकाळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ज्याची तिकिटं कधीची काढून ठेवली होती. मी सगळीकडे सांगितलेल्या वेळेला हजर. समोरचा एकही नाही.

बँकेचं नाव घेत नाही, घेऊनही काही फरक पडणार नाही, सगळ्या सारख्याच. सासूबाईंच्या खात्याचं केवायसी राहिलं होतं, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून कागद मीच घेऊन गेली. शटर वर होताना मी दारात उभी होती. तर काउंटरवरचा माणूस आलेलाच नाही. आला तर आधी बॅग ठेवली, मग पाणी प्यायला गेला, मग म्हणतो सिस्टीम स्लो आहे मॅडम. इतक्यात माझ्या मागून एक काका थेट काउंटरवर, 'माझी फक्त एंट्री करायची आहे', आणि त्यांच्या मागून अजून एक, त्यांचंही फक्तच. आम्ही लाईनीत उभे असलेले बह्याडच ना मग? माझा नंबर आला तेव्हा म्हणे आधारच्या झेरॉक्सवर सही पाहिजे. सही होती. मग म्हणे फोटो नवा पाहिजे. फोटो नवाच होता. मग काहीच सापडलं नाही तर म्हणतो, 'साहेबांची सही लागेल, साहेब आत मीटिंगमध्ये आहेत.' शनिवारी सकाळी कसली मीटिंग असते, सांगा ना मला! आणि त्या साहेबांची वाट पाहत बसली असताना बाजूच्या टेबलवरची पोट्टी येऊन मलाच इन्शुरन्सची पॉलिसी विकून राहिली होती. तिच्याकडे मात्र वेळच वेळ.

तिथून टेलर. चुलत दिराचं लग्न आहे, साडीवरचं ब्लाउज टाकून युग झालं. शुक्रवारचा वादा होता, मी शनिवारी गेली, म्हणजे त्यालाच एक दिवस जास्तीचा दिला. मास्टर मला पाहिल्याबरोबर म्हणतो, 'झालंच आहे ताई, फक्त हूक आणि तुरपाई बाकी आहे.' मी म्हटलं दाखवा. आता तो गठ्ठे उपसून राहिला, एका गठ्ठ्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा, आणि सगळ्यात खाली माझा पीस निघाला, घडीसकट, माझ्या हातची पिन त्याला तशीच लागलेली. कापलेलाही नव्हता! कशाचे हूक आणि कशाची तुरपाई रे बाबा? वर तोंड करून म्हणतो, 'लग्नसराई आहे ना ताई.' अरे, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, दरवर्षी होते, तुझ्या आजोबाच्या काळातही होत होती, तुला ती आत्ताच कळली का? जमत नाही तर नाही म्हण ना, पण नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जाते, म्हणून सगळ्यांना शुक्रवार सांगायचा आणि जी सगळ्यात जास्त भांडते तिचं आधी शिवायचं. म्हणजे सभ्य बाईनं लग्नाला पीस गुंडाळून जायचं.

तर तो पीस पर्समध्ये कोंबून बर्डीला जायची वेळ आली, कारण आता रेडिमेड पाहणं आलं. गाडी शंकरनगरला स्टेशनखाली लावली आणि मेट्रोनं गेली. खरं सांगते, अख्ख्या दिवसात दिलेल्या वेळेवर आलेली ती एकच गोष्ट. पाटीवर मिनिटं दाखवली तितक्यातच गाडी आली, बसायला जागा मिळाली, बर्डीला उतरवून दिलं. २०२२ च्या डिसेंबरात दोन्ही लाईनी पूर्ण सुरू झाल्या तेव्हा आमच्याकडे सगळे म्हणत होते कोण बसणार यात, मी पण म्हणत होती, आता मीच तिची आरती करून राहिली आहे.

पण स्टेशनातून खाली उतरलं की आहेच आपली बर्डी. मेन रोडवर पाय ठेवायला जागा नाही, हातगाड्या, स्वेटरवाले, क्लिपावाले, त्यातून एक पोट्टं बाईक घुसवून हॉर्न वाजवून राहिलं होतं आणि मला म्हणतं, 'ओ काकू, सरका ना.' काकू! मी आणि तो फार तर दहा वर्षांचा फरक असेल आमच्यात. बरं सरकू कुठं, पुढच्या बाईच्या पिशवीत?

मॅचिंगच्या दुकानात गेली तर काउंटरवरचा भाऊ खर्रा घोटून राहिला होता. पन्नी हातात, घोटणं सुरू, अगदी तल्लीन. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे म्हणतात राज्यात, आणि इथं माणूस भर दुकानात सुपारी-तंबाखू रगडून राहिला आहे निवांत. मी म्हटलं भाऊ, या साडीवर वाईन कलरचं ब्लाउज दाखवा, अडतीस साईझ. त्यानं आधी खर्रा तोंडात टाकला आणि मग माझ्याशी बोलायला लागला, म्हणजे बोलला नाहीच, मान वर करून 'उं उं' करत रॅककडे बोट दाखवलं. तुम्हीच पाहा. दुकानातल्या दिव्याखाली जे वाईन दिसते ते बाहेर उन्हात जांभळं निघते, हे कोणत्याही बाईला माहीत आहे, म्हणून मी म्हटलं दारापर्यंत नेऊन बघते, तर तोंडातला ऐवज सावरत कसाबसा बोलला, 'बाहेर नेता येत नाही.' मी काय ब्लाउज घेऊन पळणार होती का बर्डीच्या त्या गर्दीत? तिथं चालता येत नाही, पळणार कुठून! शेवटी घेतलं. घरी येऊन पाहिलं. जांभळं.

परत शंकरनगरला आली तर माझ्या ॲक्टिव्हाला एक बाईक आडवी लावलेली, हँडल लॉक. हलवता येत नाही, उचलता येत नाही, मालकाचा पत्ता नाही. तिथल्या चहावाल्यालाही माहीत नाही कोणाची. बऱ्याच वेळानं साहेब कानाला फोन लावून आले, मला पाहून हातानंच 'एक मिनिट' केलं, आणि फोनवरच बोलत राहिले. मी काय बोलली ते इथं लिहित नाही, घरचे वाचतात.

संत्र्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्याचा राग आता उतरलाय. पुण्याच्या मावससासूबाईंना पाठवायची होती, आंबिया बहाराची सध्या चांगली येऊन राहिली आहेत. गाडीवर वरच्या थरात मोठी, चकचकीत, आणि घरी पेटी उघडली तर खाली लिंबाएवढी. आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तर आपण केवढे खूश झालो होतो! आणि नागपूरच्याच माणसाला नागपूरचंच संत्र फसवून विकून राहिले आहेत हे लोक. ठीक आहे. सोडा.

आता कार्यक्रम. याच्यासाठीच खरं तर लिहायला बसली.

तिकीट ४९९ चं. पाचशेच्या आत ठेवलं की तिकिटावर जीएसटी लागत नाही, तेवढं डोकं आयोजकांना बरोबर आहे. वर ॲपची कन्व्हिनियन्स फी, आणि त्या फीवर परत १८ टक्के. कसली सोय ते विचारू नका. कार्यक्रम उघड्या मैदानावर, वेळ साडेसहा, आणि तिकिटावर ठळक अक्षरात 'वेळेवर उपस्थित राहावे'. अधिवेशनाचे दिवस आहेत, १९५३ च्या नागपूर करारात ठरलं म्हणून वर्षातून एकदा सरकारचा मुक्काम आपल्याकडे असतो, आणि त्या दिवसांत कोणता रस्ता कधी बंद मिळेल सांगता येत नाही, हे धरून आम्ही भल्ल्या लवकर निघालो. नणंदेला तर तिचा कुकर अर्धवट ठेवून खाली बोलावलं. सव्वासहाला आम्ही गेटवर.

गेटच बंद. आत साउंडवाला 'हॅलो चेक, वन टू, वन टू' करून राहिला होता, आणि ते त्यानं पुढं इतका वेळ केलं की मला वाटलं हाच कार्यक्रम आहे.

आत सोडलं तर आमच्या नंबरच्या खुर्च्यांवर एक अख्खं कुटुंब, चिवड्याच्या डब्यासकट. मी तिकीट दाखवलं. त्यातल्या बाई म्हणतात, 'कुठंही बसा ना हो, सगळ्या खुर्च्या सारख्याच आहेत.' सारख्याच आहेत तर तुम्ही उठा ना! त्यांच्याकडे तिकीट नव्हतंच, पास होते. आपल्या गावात अर्धी जनता पासावर कार्यक्रम पाहते आणि पास मिळवला म्हणून मिरवते, आणि जो पैसे देऊन तिकीट काढतो त्याला बिचारा समजतात, याची ओळख नाही वाटते कोणाशी. आणि सगळ्यात पुढं पांढरे कव्हर घातलेले सोफे, दोन रांगा, पूर्ण रिकामे. मान्यवरांसाठी.

मान्यवर आले नाहीत. 'प्रमुख पाहुणे अधिवेशनात अडकले आहेत, काही क्षणांतच आपल्यात असतील' असं निवेदिकाबाई दर थोड्या वेळानं सांगत होत्या, गोड आवाजात. साडेसात झाले. थंडी पडायला लागली, डिसेंबरात आपल्याकडे मोकळ्या मैदानावर रात्री काय हाल होतात माहीत आहे ना, नणंद माझ्याच शालीत शिरून बसली. वादक मंडळी स्टेजवर येऊन बसलेली, तबलजी हात चोळून राहिला होता. गाणारे तयार, वाजवणारे तयार, ऐकणारे तर सव्वासहापासून तयार. आणि अडलं कशासाठी, तर ज्या माणसाला गाणं ऐकायचंच नाही त्याच्यासाठी.

आठच्या सुमारास ताफा आला. मग दीपप्रज्वलन, वारा सुटलेला, वात काही पेट घेईना, पाच-सहा जण हाताचा आडोसा करून उभे. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, आधी पाहुण्यांना, मग प्रायोजकांना, मग प्रायोजकांच्या सौभाग्यवतींना, मग ज्यांनी मैदान मिळवून दिलं त्यांना. मग पाहुणे बोलले, सुरुवातच अशी की 'मी तुमच्या आणि गाण्याच्या मध्ये येणार नाही', आणि मग जे मध्ये आले ते हललेच नाहीत. भाषण संपल्याबरोबर उठून गेले. एक गाणं ऐकलं नाही! त्यांच्या मागं ते दोन रांगांमधले निम्मे लोकही गेले, आणि सोफे परत रिकामे, पण आमच्यापैकी कोणी पुढं सरकलं तर व्हॉलेंटियर पोट्टे दंडाला धरून मागं पाठवून राहिले होते.

पहिलं गाणं लागलं तेव्हा पावणेनऊ झाले होते. आणि गाणारी काय गायली हो! खोटं कशाला बोलू, पहिल्याच आलापाला माझा अर्धा राग गेला. पण दर दोन गाण्यांच्या मध्ये निवेदिकाबाई. गाणं कोणी लिहिलं, रेकॉर्डिंगच्या दिवशी पाऊस होता का, मग चार ओळींची स्वतःची कविता, मग 'नागपूरकर दर्दी रसिक आहेत, जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत'. बाई, त्या सगळ्या गोष्टी समोर बसलेल्या काकालोकांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत, गाणं सुरू करा. माझ्या पुढचा माणूस दोन्ही हात वर करून मोबाईलवर शूटिंग करत होता, मी अर्धा कार्यक्रम त्याच्या स्क्रीनमध्ये पाहिला, आणि मधेच त्यानं कोणाला तरी व्हिडिओ कॉल लावून 'दिसून राहिलं का, दिसून राहिलं का' सुरू केलं.

आणि मग दहाला पाच कमी असताना घोषणा. 'रसिकहो, वेळेअभावी काही गाणी आपल्याला घेता येणार नाहीत.'

वेळेअभावी!! कोणाच्या वेळेअभावी? उघड्या मैदानावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही, ध्वनिप्रदूषणाचा हा नियम २००० सालचा आहे, काल दुपारी निघालेला नाही. वर्षातले १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते सरकारला, पण कालची नव्हती, आणि नसेल तर दहाला बंद, सरळ गोष्ट आहे. माझी त्या नियमाबद्दल अजिबात तक्रार नाही, मैदानाच्या बाजूला लोक राहतात, म्हातारी माणसं आहेत, उद्या माझ्या घरासमोर वाजलं तर मीच पहिली फोन करीन. पण दहाला संपवायचं हे माहीत असताना साडेसहाचे पावणेनऊ कोणी केले? आणि कापलं काय, तर गाणी. भाषणातलं एक वाक्य कापलं नाही, एक नारळ कमी केला नाही. यादीतली शेवटची गाणी, ज्यांच्यासाठी नणंद कुकर सोडून आली होती, तीच गेली.

बाहेर पडलो तर पार्किंगला एकच गेट, आणि मान्यवरांसाठी आत लावलेले बॅरिकेड तसेच. मेट्रोही तोवर बंद. घरी यायला सव्वाअकरा. सासूबाई जाग्या होत्या, त्यांनी एवढंच विचारलं, 'केवायसी झालं का गं?'

सकाळी मोबाईलवर आयोजकांचा मेसेज. कालच्या उदंड प्रतिसादाबद्दल आभार, फाईव्ह स्टार रेटिंग द्या, आणि पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमासाठी विनंती, 'रसिकांनी कृपया वेळेचं भान ठेवावं, उशिरा येणाऱ्यांना प्रवेश मिळणार नाही.' मी नंबर ब्लॉक केला. नणंदेनं तिकिटं काढली म्हणे.