हिरो पोटाला काय करतो?

मस्कतमध्ये मराठी पिक्चर लागतो तो बहुधा शुक्रवारी सकाळी. इथल्या मराठी मंडळाने थिएटर भाड्याने घ्यायचं, एकच खेळ, मध्यंतरात वडे. मल्याळी पिक्चर मात्र केरळात लागला की इथेही लागतो आणि चांगला असला तर आठवडे काढतो. मस्कतच्या रुवी भागात राहणाऱ्या माझ्यासारख्या सिंधुदुर्गातल्या माणसाचं सिनेमाशिक्षण त्यामुळे उफराटं झालं आहे. आपले पिक्चर मोबाइलवर, तेही शिळे झाल्यावर. शेजाऱ्यांचे मोठ्या पडद्यावर, खाली इंग्रजी-अरबी ओळी पळत असताना.

म्हणून गावाकडचा एक वाद मला जरा तिरका ऐकू येतो. हल्लीच्या पिक्चरांत खोली उरली नाही, पात्रं पातळ झाली, गोष्ट नावालाही नसते, असा तो वाद. गणपतीत आरत्या आटोपल्या की पडवीत सुरू होतो आणि चहा संपला तरी संपत नाही. आमच्या आबाकाकांचं मत ठरलेलं आहे: "आमच्या टायमाक पिच्चरात माणसां होती रे. आता नुसते हिरो आसत." त्यावर पुण्यात शिकणारा भाचा म्हणतो की आजोबा, तुम्ही तेव्हा तीन तास हलत नव्हता, आता दर पाच मिनिटांनी मोबाइल बघता, मग माणसं दिसणार कशी?

आबाकाकांच्या आठवणीवर माझा पूर्ण विश्वास नाही. आमच्या वाडीत सत्यनारायणाच्या रात्री टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून व्हिडिओ लावायचे. तेव्हा काय काय बघितलं हे मलाही आठवतं. जत्रेत हरवलेले भाऊ, साडी नेसून फसवाफसवी करणारे बुवे, आणि एकाच रात्री तीन-तीन कॅसेटी. १९९१ च्या 'माहेरची साडी'ला बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या. मीही आईच्या मांडीवर बसून रडलो असणार. पण त्यातली सासू पहिल्यापासून शेवटपर्यंत वाईटच असते, सून सोसतच राहते. त्याला पात्राची खोली म्हणायची असेल तर आजच्या कुठल्याही मालिकेत ती रोज संध्याकाळी साडेसातला मिळते. जुन्यातलं चांगलं तेवढं आपल्या लक्षात राहिलं, गाळ विसरून गेलो. आजच्यातला गाळ अजून ताजा आहे, एवढाच फरक.

तरी काका म्हणतात त्यात काही खरं नक्की आहे. मोठ्या बजेटच्या पिक्चरात आता पहिल्या भागातच दुसऱ्या भागाची सोय करून ठेवतात. ज्या पात्राला पुढच्या भागात परत यायचं आहे ते मरू शकत नाही, फार बदलूही शकत नाही, आणि त्याचं काही कायमचं जातही नाही. मग त्याच्या जिवाची काळजी आपण का करायची? आमच्याच कोकणातल्या मुंज्यावर २०२४ मध्ये हिंदी पिक्चर आला, शंभर कोटींच्या वर गेला. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण बाहेर पडल्यावर लक्षात राहिलं ते भूत. त्याला हाव होती, हट्ट होता, काहीतरी राहून गेलेलं होतं. जिवंत माणसांपैकी एवढी निकड कुणालाच नव्हती.

माझं मत असं बनलं आहे की हा जुन्या-नव्याचा प्रश्नच नाही. पिक्चरातल्या माणसाला पोट आहे का, तो कुणाचं देणं लागतो, कुणाच्या मेहेरबानीवर राहतो, हे लिहिणाऱ्याला माहीत असलं की खोली मागून येते. ते माहीत नसलं की मग पार्श्वसंगीत वाढवावं लागतं.

'श्यामची आई'च घ्या. १९५३ चा पिक्चर, अत्र्यांनी केलेला, आणि देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा. आपण त्याला आईच्या मायेची गोष्ट म्हणून ओळखतो, शाळेत तशीच शिकवतात. पण साने गुरुजींच्या मूळ गोष्टीतून दापोलीकडचं ते पालगड, ती सारावसुलीची खोती, ती भाऊबंदकी आणि सावकाराचं कर्ज काढून टाका बघू. दारात येऊन बसलेला वसुलीचा माणूस काढून टाका. मागे उरेल ते सुविचारांचं पुस्तक. आई मोठी वाटते ती घर बुडत असताना ती तशी वागते म्हणून. आमच्याकडे आजही सातबारावर नावांची रांग असते, त्यातले निम्मे मुंबईला, दोन-चार वारलेले, आणि घराचं एक कौल बदलायचं तरी हिश्शेदार विचारतात. म्हणून असेल, पण मला ती गोष्ट वाचताना आईआधी वडिलांची काळजी वाटायची.

त्यानंतर मराठीला सर्वोत्तम चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळायला पन्नास वर्षं लागली. २००४ साली 'श्वास'ला मिळालं, आणि तीही कोकणातल्याच एका घराची गोष्ट निघाली. नातवाच्या डोळ्यात कॅन्सर. ऑपरेशन केलं तर दृष्टी जाणार, नाही केलं तर जीव. अरुण नलावडे यांचा आजोबा शहरातल्या हॉस्पिटलात ज्या अवघडलेपणाने उभा राहतो तसे गावातले किती म्हातारे केईएमच्या आवारात उभे असलेले मी बघितले आहेत. डॉक्टरांपुढे आवाज खाली, नातवापुढे उसनं हसू. 'किल्ला'तल्या पोराचे वडील गेलेत आणि आईची बदली कोकणात झाली आहे; सरकारी नोकरी सोडता येत नाही, या एका गोष्टीवर त्या पोराचा सगळा एकटेपणा उभा आहे. २०१४ मध्ये त्याला बर्लिनला बक्षीस मिळालं. आता २००४ किंवा २०१४ काही काकांचा टाइम नव्हे.

'नारबाची वाडी' तर मला या वादातला सगळ्यात पक्का पुरावा वाटतो. २०१३ चा पिक्चर, दिलीप प्रभावळकर नारबा. खोताचा डोळा म्हाताऱ्याच्या वाडीवर. सौदा असा ठरतो की म्हातारा जिवंत आहे तोवर खोताने त्याला दर महिन्याला पैसे द्यायचे, तो गेला की वाडी खोताची. आणि म्हातारा काही जात नाही! त्यातला प्रत्येक विनोद या व्यवहारातून येतो. मूळ गोष्ट बंगाली नाटकाची, मनोज मित्र यांची. पण माडा-पोफळींत ती अशी रुजली की कुणाला सांगून खरं वाटणार नाही. दोन्हीकडे जमिनीचा लोभ सारखाच असावा.

आता शेजाऱ्यांबद्दल. स्टोअरमध्ये माझ्यासोबत काम करणारा एक मल्याळी सहकारी आहे, त्याच्यामुळे मी त्यांचे पिक्चर बघायला लागलो. पहिला 'महेशिंटे प्रतिकारम', २०१६ चा. इडुक्कीतल्या एका लहान गावातला फोटोग्राफर मार खातो आणि बदला घेईपर्यंत चप्पल घालणार नाही म्हणतो. एवढीच गोष्ट. पण तो पासपोर्ट साइझ फोटो कसे काढतो, स्टुडिओ कसा चालतो, मयताचे फोटो काढायला कसा जातो, हे सगळं त्यात आहे. मग 'कुंबळंगी नाइट्स', २०१९ चा. कोचीजवळचं मच्छीमारांचं बेट, घरात चार भाऊ, सगळे एकमेकांवर गुरगुरणारे. एक भाऊ मित्राच्या इस्त्रीच्या धंद्यावर जगतो. दुसऱ्याला प्रेमात पडल्यावर कळतं की लग्नाचं बोलायचं तर आधी नोकरी पाहिजे. मुलीच्या घरचे होमस्टे चालवतात. हे बघताना मी मनातल्या मनात तारकर्लीला पोचलो होतो. होमस्टेची पाटी, खाडीचं पाणी, कमवत नसलेला भाऊ, सगळं आमच्याकडे आहे, पिक्चर तेवढा नाही.

सहकाऱ्याने मला 'पत्तेमारी'ही दाखवला. त्यात मामूटीने केलेला नायक गल्फला जातो, घर बांधतो, बहिणींची लग्नं करतो आणि आयुष्य तिकडेच संपवतो. २०२४ मध्ये 'आडुजीवितम' आला, वाळवंटात शेळ्या राखायला अडकलेल्या माणसाचा. तो बघून बाहेर आल्यावर सहकारी म्हणाला, आमच्या प्रत्येक घरात असा एखादा मामा असतो. मग सहज विचारलं, तुमचा कुठला? रत्नागिरी, खेड, महाड, श्रीवर्धनच्या कितीतरी घरांना पिढ्यान्‌पिढ्या आखाती पैशाने कौलाचं स्लॅब केलं. ड्रायव्हर, खानसामा, खलाशी, वेल्डर, नर्स. या माणसांवरचा एकही मराठी पिक्चर मला त्या वेळी आठवला नाही, आत्ताही आठवत नाही. जो माणूस पडद्यावर आलाच नाही त्याच्यात खोली नाही अशी तक्रार कशी करायची?

मल्याळी लोक स्वर्गात राहतात असं मात्र समजू नका. त्यांच्याकडेही हाच वाद आहे. २०२४ च्या अखेरीस 'मार्को' आला, रक्ताचे पाट वाहणारा, आणि धो धो चालला. सहकारी दोन दिवस कपाळाला आठ्या घालून फिरत होता. आमच्या टायमाक हे त्यानेही त्याच्या भाषेत म्हणून घेतलं.

आणि हाच वाद आमच्या जत्रेतही चालतो, हे आबाकाका विसरतात. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आधी गणपती, संकासुर, मग आख्यान. रंगमंचावर एक बाकडं, बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. कथा प्रत्येकाला पाठ. तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात ती राजपार्टी आणि स्त्रीपार्टी, म्हणजे राजाचं आणि बाईचं काम करणारे नट, आज काय भाषण करतात ते ऐकायला. चांगला नट असला की पुराणातला राजा बोलता बोलता पीकपाणी, कर्ज, गावच्या भांडणापर्यंत येतो आणि समोरचा शेतकरी मान हलवतो. आता 'ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग' अशा पाट्या लागतात. धूर, लाइट, उडणारी मुंडकी. जुने लोक म्हणतात भाषण गेलं, ट्रिकसीन उरला. मी इथे यूट्यूबवर दोन्ही प्रकार बघतो. धूर असला तरी नट तयारीचा असेल तर काही बिघडत नाही, आणि धूर नसलेले कंटाळवाणे प्रयोगही मी भरपूर सोसलेत.

२०२५ च्या 'दशावतार'मध्ये प्रभावळकरांनीच म्हातारा दशावतारी केला आहे. नजर अधू होत चालली आहे, मुलगा आता थांबा म्हणतो, आणि हा रात्री तोंडाला रंग लावायला बसतो. त्या भागात मी खुर्चीत पुढे सरकलो होतो. पुढे सूड सुरू झाला, टाळ्या वाढल्या, आणि तो म्हातारा माझ्यापासून लांब गेला. मंडळातल्या बहुतेकांना नेमका तोच भाग आवडला, हेही सांगायला हवं.

कोकणात शूटिंगला कमतरता नाही. ड्रोन उडतो, हिरवं-निळं दिसतं, जुना वाडा, दारात कंदील, की पुढे भूत किंवा प्रेम. त्या वाड्याचं लाइट बिल कोण भरतो, हे कुणी विचारत नाही. देवगडात एप्रिलमध्ये आंब्याच्या बागेत रात्री जो नेपाळी राखणदार झोपतो, त्याची बायको-पोरं त्याच बागेतल्या मांगरात, म्हणजे शेतघरात असतात. त्याच्यावर पिक्चर होत नाही. मोहोर येताच बागेचा सौदा करून टाकणारा मालक आणि मग अवकाळी पाऊस. बोटीवर एलईडी दिवे लावून मासे मारणारे आणि किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे एकाच गावचे, कधी कधी एकाच घरातले. राजापूर तालुक्यातल्या बारसूत २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणाविरुद्ध बायका उन्हात कातळाच्या सड्यावर बसल्या. ज्यांनी जमिनी विकल्या होत्या तेही त्यांचे सोयरेच. दोन्ही बाजूंच्या जेवणावळी एकाच मांडवात होणार. यात खलनायक शोधायला मुंबईहून कुणाला आणावं लागत नाही.

हे मी फोनवर आबाकाकांना सांगितलं. त्यांचं उत्तर: "रोजचाच ता पैशे मोजून कोण बघतलो?" मी वाद घातला नाही. 'कुंबळंगी' सबटायटलसह कुठे बघायचा ते भाच्याकरवी दाखवून दिलं. अर्धा पिक्चर झाल्यावर त्यांचा व्हॉइस मेसेज आला. भाषा कळत नाही, गाणी बरी आहेत, असं म्हणून झाल्यावर खरा प्रश्न आला: "पण काय रे, तेंच्या घराक गिलावो कित्याक नाय? भावांत वाटप जावक नाय काय?"