सिंगल बेल

रविवार म्हणून मिसळ आणली, जास्तीचे पापड आणले, आणि भाचा ताटाला हात लावेना. काय झालं विचारलं तर म्हणे, "आत्या, लालपरी गेली."

तो बस चालवायचा गेम खेळतो (नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला). रात्री त्याचं अपडेट आलं आणि बाहेरचे सगळे मॉड (म्हणजे खेळणाऱ्यांनी स्वतः बनवून गेममध्ये घातलेले बदल) बंद. दिवाळीच्या सुट्टीपासून पोरगं त्यात आपली एसटी बनवत होतं. नाशिक–सप्तशृंगी गड. नुसती लाल रंगवली नव्हती हो! आमचे अण्णा एकतीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर. रोज रात्री त्यांना शेजारी खुर्ची. पहिल्याच दिवशी अण्णांनी चूक काढली, "एका घंटीला गाडी काढतोस? सिंगल बेल थांब, डबल बेल चल." तीन दिवस त्या घंटीपायी गेले. मग नांदुरीचा घाट. ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर, हे अण्णांचं पालुपद.

आणि कुणीतरी कुठेतरी बसून एक बटण दाबलं. ना नोटीस, ना विचारपूस.

माझं म्हणणं सरळ आहे. गेम विकता ना, मग मॉडची साधनंही द्या. आणि गेम गुंडाळायचाच असेल तर जाताना कोड, म्हणजे गेम ज्यातून बनतो ते लिखाण, मोकळा करून जा.

कंपनी बुडेल म्हणता? १९९३ चा डूम हा बंदुकांचा गेम घ्या. तो बनवणाऱ्यांपैकी मुख्य प्रोग्रॅमर जॉन कार्मॅकने १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला. चित्रं, आवाज, लेव्हल मात्र नाही, त्या विकतच घ्यायच्या. म्हणजे बॉनेट उघडा, इंजिन खोला, पण प्रवासाचं तिकीट काढा. आजही लोक तो प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर चालवून दाखवतात.

आणि आपल्या पिढीने तरी तोंड वर करून बोलू नये. कॉलेज रोडच्या कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक खेळलोच ना? (आम्ही दोघीच मुली, आणि पहिल्या राउंडला मरायचो.) तो मुळात व्हॉल्व कंपनीच्या हाफ-लाइफ या गेमचा मॉड. १९९९ मध्ये मिन ली आणि जेस क्लिफ यांनी हौसेनं केलेला. पुढच्याच वर्षी व्हॉल्वने तो विकत घेतला आणि दोघांना कामावर घेतलं. व्हॉल्वने तेव्हा दार लावून घेतलं असतं तर आपण बसलो असतो सॉलिटेअर खेळत.

हो, ऑनलाइन सामन्यांत कोड उघडा पडला की चीटवाले सोकावतात, मान्य. गेमचं इंजिन (ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम चालतो ते) दुसऱ्याकडून घेतलेलं असेल तर ते वाटायचा हक्क नसतो, तेही मान्य. पण आमचा हा कुणाशी सामना खेळत होता? एकटा गडावर जात होता. शेजारी अण्णा.

संध्याकाळी अण्णांसमोर तणतणले. ते शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, "गाडी आपली कधी असते? एकतीस वर्षं डेपोत लावली, चावी परत दिली." मला पुढे बोलताच येईना. जरा वेळाने स्वतःच म्हणाले, "पण केबिनमध्ये गणपती लावायला कुणी अडवलं नाही."

आता भाच्याने युरो ट्रक सिम्युलेटर २ शोधलाय. २०१२ चा गेम, चेक कंपनी एससीएस सॉफ्टवेअरचा, आणि मॉडची साधनं कंपनी स्वतःच देते. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो रडतखडतच चालेल. कुणाला ग्राफिक्स कार्डवाला वापरलेला लॅपटॉप विकायचा असेल तर इनबॉक्स करा, सिडको-इंदिरानगरकडे असेल तर मी स्वतः येऊन बघेन. "पोराला अभ्यासाला बसव" म्हणणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.

गाडी पुन्हा पहिल्यापासून बांधायची आहे. अण्णा म्हणतात, या वेळी घंटी आधी.