रचना करावी लागेल

दहावी घरातल्या एकट्या मुलाची कधीच नसते. यंदा पुतणी दहावीला आहे, म्हणून गणित भाग २ आम्हा सगळ्यांनाच आहे. भाग १ निदान आकड्यांचा. काही ना काही उत्तर येतं. भूमितीत उत्तर आधीच छापलेलं असतं आणि पुढे 'सिद्ध करा' असा दम. स्वतःला सगळं माहीत असूनही आपल्यालाच खुलासा मागायचा, हा प्रकार आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनंतर मला भूमितीतच भेटला.

गणित असं होतं. समभुज त्रिकोण अबक वर्तुळात आंतरलिखित आहे. लघुकंस बक वर प हा कोणताही बिंदू. सिद्ध करा: पअ = पब + पक. (पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, पण आप्पा खोलीत असले की त्रिकोण अबकच होतो.)

मी पट्टी लावली. पब ३ सेंटिमीटर, पक ५, पअ बरोब्बर ८. संपलं!

"काका, मोजायचं नाहीये. सिद्ध करायचंय."

दादा इंजिनिअर. त्याने लॅपटॉपवर तीच आकृती काढून दशांश चिन्हापुढे आठ घरांपर्यंत बेरीज जुळवून दाखवली. "बाबा, हेही मोजणंच झालं ना?" म्हणून पुतणीने त्यालाही खाली बसवलं.

मग आप्पांनी तो घातक शब्द उच्चारला. "रचना करावी लागेल."

पक्ष, म्हणजे दिलेलं, समजतो; साध्य, म्हणजे सिद्ध करायचं, तेही समजतं. रचनेचं तसं नाही. रचना म्हणजे आकृतीत नसलेली रेघ, जी काढली की सगळं उघड होतं. ती कोणाला, कशी, कितव्या चहानंतर सुचली हे पुस्तक सांगत नाही. 'रेख अमुक काढा' एवढंच म्हणतं आणि पुढे सरकतं. त्यामुळे सुचेल ती रेघ काढून बघणं आलं. आईने केंद्रातून लंब टाकला, कारण तिच्या मते लंब कधी वाया जात नाही. दादाने प मधून स्पर्शिका काढली. मी पअ वाढवत नेली, ती समास ओलांडून शेजारच्या पानावरच्या इतिहासाच्या गृहपाठात शिरली. कर्कटकाच्या टोकाने केंद्राच्या जागी आरपार भोक पडलं. शेवटी मूळ त्रिकोण कुठला, हे ओळखायला लाल पेन्सिल घ्यावी लागली.

आप्पा मात्र भास्कराचार्यांकडे वळले होते. लीलावतीत म्हणे नियम आहे: व्यासाला १०३९२३ ने गुणा, १२०००० ने भागा, वर्तुळातल्या समभुज त्रिकोणाची बाजू मिळते. व्यास २००० असेल तर बाजू १७३२ पूर्णांक एक विसांश. हे ११५० मधलं. या ग्रंथावर उपपत्तींसह, म्हणजे सिद्धतांसह, टीका लिहिली नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी, १५४५ मध्ये. म्हणजे मध्ये जवळजवळ चारशे वर्षं. पुतणीला मुदत शनिवारपर्यंत.

वहिनीला भूमितीतलं 'बाकोबा' (बाजू-कोन-बाजू जुळले की दोन त्रिकोण एकरूप) तेवढं आठवत होतं. ती वहीकडे बघून म्हणाली, "बेरीजच दाखवायची ना? मग मोठ्या रेघेतून एक लहान कापा आणि उरलेली दुसरीएवढी भरते का बघा."

खोलीत शांतता. पअ वर ड असा घेतला की पड = पब. कोन अपब आणि कोन अकब एकाच कंसातले, म्हणून दोन्ही ६०°. म्हणजे त्रिकोण पबड समभुज. आता अबड आणि कबप हे त्रिकोण: अब = कब, बड = बप, आणि मधले कोन समान, कारण दोन्ही म्हणजे ६०° वजा कोन डबक. बाकोबा! अड = पक. साध्य सिद्ध. दादाने आपली स्पर्शिका मुकाट्याने खोडली. आईने लंब राहू दिला.

"टॉलेमीच्या प्रमेयाने हे एका ओळीत होतं," आप्पा म्हणाले. "चक्रीय चौकोनात, म्हणजे चारही कोपरे वर्तुळावर असलेल्या चौकोनात, कर्णांचा गुणाकार म्हणजे संमुख बाजूंच्या गुणाकारांची बेरीज. इथे त्रिकोणाच्या बाजू समान, त्या कटतात. उरतं तेच उत्तर."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही रंगात आला होतात."

पुतणीने पेन उचललं. "पण आप्पा, टॉलेमी आम्हाला नाही. वापरायचा तर आधी तो सिद्ध करावा लागेल."

"करू की," आप्पांनी चष्मा पुसला. "एक छोटीशी रचना करावी लागेल."