तुमचं दुखणं कितीचं?

मिशिगनला नोकरी लागली की सगळे बर्फाची भीती घालतात. बर्फाचं काय एवढं, एक जाडजूड जॅकेट घेतलं की विषय संपला. खरी परीक्षा असते शनिवारी शेजाऱ्यांकडे. मॅच बघायला बोलावतात, चिप्स-डिप पुढे करतात, मॅच संपते, आणि मग मॅचपेक्षा लांब चालणारा कार्यक्रम सुरू होतो: आपली टीम आजवर सगळ्यात वाईट कधी हरली?

बरं, टीम काही रडतराऊ नाहीये. मिशिगन युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉलची टीम, कॉलेज फुटबॉलमधलं मोठं घराणं आहे हे, अ‍ॅन आर्बर गावातलं त्यांचं स्टेडियमच १,०७,६०१ लोकांचं. विजयांचा ढीग पडलाय पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. लग्नात पंगत उठल्यावर दोन आत्या आपापल्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर बोलायला बसतात आणि एक दुसरीला जिंकू देत नाही, सेम तसं.

मान पहिला आजोबांचा. त्यांचं दुखणं १९९४ चं, कोलोरॅडोविरुद्धचं. सहा सेकंद शिल्लक, मिशिगन २६-२१ ने पुढे, आणि कोर्डेल स्टुअर्टने देवाचं नाव घेऊन बॉल लांब भिरकावला तो कोणाकोणाच्या हाताला लागून उडाला आणि नेमका मायकेल वेस्टब्रुकच्या हातात. ६४ यार्ड, २७-२६, खेळ खल्लास. हे सांगताना आजोबा अजूनही छताकडे बघतात, बॉल येतोच आहे अशा बेताने.

मुलाला हे मान्य नाही. तो म्हणतो, बाबा, कोलोरॅडो निदान तगडी टीम होती, २००७ चं काय? अ‍ॅपलेशियन स्टेट, खालच्या डिव्हिजनची टीम, सीझनच्या पहिल्याच मॅचला जिंकायला सोपी म्हणून चार लाख डॉलर मोजून घरी बोलावलेली, आणि मिशिगन देशात पाचव्या नंबरवर. ३४-३२ ने हरले. शेवटची किक बसली असती तरी वाचले असते, ती पण त्यांनी अडवली. पैसे देऊन स्वतःच्या अंगणात मार खाल्ला, याच्यावर तोड नाही असं माझंही प्रामाणिक मत आहे, पण मी ते आजोबांसमोर बोलत नाही.

जावयाचं दुखणं २०१६ चं, ओहायो स्टेटविरुद्ध, दुसरा ओव्हरटाइम. मिशिगन २७-२४ ने पुढे, ओहायोला चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या संधीला, एक यार्ड हवा होता, जे. टी. बॅरेट घुसला, आणि तो पोचला की नाही पोचला यावर आज इतकी वर्षं भांडण चालू आहे. रेफरी म्हणाले पोचला. पुढच्याच खेळीत टचडाउन, म्हणजे बॉल थेट शेवटच्या रेघेपार, ३०-२७. जावई हे नुसतं सांगत नाही, सोफ्यावर टीव्हीचा रिमोट आडवा ठेवतो, ती रेघ, आणि त्याच्या अलीकडे शेंगदाणा, तो बॉल. शेंगदाणा कधीच रिमोटला टेकत नाही.

पण खरी बाजी मारते नात, कारण ती २०१५ ला स्टुडंट होती आणि स्टेडियममध्येच होती. मिशिगन स्टेटविरुद्ध आपण २३-२१ ने पुढे, दहा सेकंद उरलेले, काम एकच, बॉल लांब लाथाडायचा आणि घरी जायचं. पंटर ब्लेक ओ'नीलच्या हातातून बॉल निसटला, उचलून मारायला गेला तर उडून जॅलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात, तो ३८ यार्ड पळत सुटला आणि घड्याळात शून्य वाजलेले. त्या धावपळीत त्या पोराचं खुब्याचं हाड मोडलं. म्हणजे हरवणारा हॉस्पिटलात आणि हरलेले एक लाख लोक डोक्याला हात लावून जागच्या जागी उभे.

मग माझी पाळी येते. पाहुण्याला विचारायची पद्धत आहे ना! मी शारजा सांगितलं, १९८६, शेवटचा बॉल, चार हवे होते, चेतन शर्मा, मियाँदाद, सिक्स. सगळे शांत ऐकत होते, मला वाटलं बसला ठसा. आजोबांनी विचारलं, घड्याळात किती वेळ उरला होता? म्हटलं क्रिकेटला घड्याळ नसतं. झालं, माझा अर्ज तिथेच फेटाळला.

त्यात कोलंबसला राहणारा आमचा एक मित्र आहे, ओहायो स्टेटचा, तो मॅचच्या आठवड्यात रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचा गुड मॉर्निंग पाठवतो आणि खाली शुभेच्छांच्या जागी ६२-३९ लिहितो. हा २०१८ चा स्कोअर, ओहायो स्टेटने मिशिगनला धुतलं तो. मी हा फोटो शेजाऱ्यांना दाखवत नाही, उगाच आणखी एका दुखण्याची भर.

जानेवारी २०२४ मध्ये मिशिगन वॉशिंग्टनला ३४-१३ ने हरवून नॅशनल चॅम्पियन झालं, सीझनमध्ये एकही मॅच न हरता. म्हटलं सुटलो. शेजाऱ्यांकडे पार्टी झाली, केक कापला, सगळ्यांचं एकमत, त्यामुळे बोलायलाच काही उरेना. शेवटी जावई हळूच म्हणाला, त्या टेक्सासच्या टीसीयूला ५१-४५ ने हरलो नसतो तर २०२२ च्या सीझनचंही आपलंच होतं... आणि काय सांगू, खोलीत एकदम जान आली, आजोबांनी खुर्ची पुढे ओढली, रिमोट सोफ्यावर आडवा पडला. बायको मला डोळ्यांनी निघू या म्हणून खुणावत होती. निघालोही असतो, पण त्या मॅचमध्ये रोमन विल्सनचा टचडाउन रिप्ले बघून रद्द केला होता त्याबद्दल माझंही एक ठाम मत आहे, आणि शेंगदाणा माझ्याच हातात होता.