बांबू मागितला आणि अडुळसा मिळाला, त्याबद्दल

ताई, नमस्कार. नर्सरी माझीच आहे, म्हणून उत्तरही मीच देतोय. दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की कंपाउंडला पिवळा बांबू मागितला तर आम्ही अडुळसा, निरगुडी आणि कुंती गळ्यात मारली. वर्ष होत आलं तरी शेजारच्या गॅलरीतून अंगण दिसतंच, सहा रोपं मेली आणि कुंतीला कीड लागली.

अंगण दिसतं आणि रोपं मेली, या दोन तक्रारी कबूल. ‘एका पावसाळ्यात भिंत झाकेल’ हे माझंच वाक्य. अडुळसा भराभर वाढतो, पण कुंती निवांत झाड. डोक्याच्या वर जायला तिला काही वर्षं लागतात, हे विकतानाच सांगायला हवं होतं. रोपं मेली तीही आमच्यामुळे. त्या कोपऱ्यात मुरूम आहे. पोरांनी पहार न लावता वीतभर खड्ड्यात रोपं टेकवली, फोटो बघूनच कळलं.

बांबूला मात्र आजही नाहीच म्हणेन. विकायला तो माझ्याकडेही आहे. पण तुमची पट्टी जेमतेम दोन फूट आणि तिच्याखालून ड्रेनेजची लाइन. पिवळा बांबू जमिनीखालून लांब पळत नाही, बेटानंच वाढतो, हे खरं. पण बेट दरवर्षी बाहेरच्या अंगाला कोंब काढत रुंद होतं. आधी भिंतीला रेटा, मग शेजाऱ्यांशी वाद. (मागे मोकळी जागा असती तर कोकणातला माणगा मी स्वतःहून दिला असता. आपलाच बांबू, काट्यांचा त्रास नाही.)

आता ती कीड. तुमचाच फोटो मोठा करून बघा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं जे दिसतंय, ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी. कढीपत्त्यावरही येते. मोठी झाली की हिरवी होते, मग कोषात जाते. कुंती पुन्हा पालवते. औषध तेवढं मारू नका.

जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की सहाही रोपं बदलून देतो, मजुरीसकट फुकट. खड्डे दीड फुटाचे, शेणखत घालून, आणि मी स्वतः उभा राहीन. निरगुडी खालून रिकामी झालीय, ती त्याच दिवशी गुडघ्याएवढी छाटू, म्हणजे बुडातून फुटवे येतील. तोवर गॅलरीच्या बाजूला बांबूची तट्टी बांधून देतो. एवढा बांबू चालेल! रविवारी सकाळी माणूस पाठवू का, तेवढं कळवा.