चांदोलीतील उजवा पाय
चांदोलीचे जंगल पाहून आलेल्या माणसाला सांगलीत पहिला प्रश्न वाघाचा विचारला जातो. मीही वाघासाठीच गेलो होतो. परंतु परत आलो तेव्हा माझ्यापाशी सांगण्यासारखी हकिगत उरली होती ती उजव्या पायाची, आणि पायाची हकिगत ऐकण्यासाठी कोणी हातातली भडंगाची बशी खाली ठेवत नाही. म्हणून ती लिहून काढतो आहे.

बेत आमच्या मेहुण्याचा. “दाजी, 2012 साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेलं जंगल आपल्या जिल्ह्यात आहे, आणि तुम्ही अजून ते बघितलं नाही?” असे त्याने ज्या स्वरात विचारले, त्या स्वरात आमच्या कार्यालयात केवळ अफरातफरीची चौकशी होत असे. पावसाळ्यात बंद असलेले उद्यान ऑक्टोबरच्या मध्यावर उघडते आणि पहिल्याच आठवड्यात तिथे गर्दी नसते, हे त्याचे गणित. गर्दी का नसते, हे मी विचारायला हवे होते.

पेठ नाका, शिराळा, कोकरूड, आरळा करीत आम्ही मणदूरला पोहोचलो. शिराळ्यातून जाताना सौभाग्यवतींनी गाडीतूनच नागोबाला हात जोडले. अंग चोरून पायाशी येणाऱ्या जीवांपैकी त्या दिवशी आम्ही विचार केला तो तेवढ्या एकाचाच.

सोबत घेतलेल्या स्थानिक वाटाड्याने माझ्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाला, “पाव्हणं, मोजं इजारीवर वढून घ्या. आन् वाटंत थांबू नगासा. थांबला की चढती.” काय चढते, हे त्याने सांगितले नाही. पस्तीस वर्षे इस्त्रीची विजार घालून नोकरी केलेल्या माणसाने, पत्नीच्या व मेहुण्याच्या देखत, विजार मोज्यांत कोंबून फुटबॉलच्या पोरासारखे चालावे हे मला प्रशस्त वाटले नाही. पुढचे सारे या एका निर्णयातून घडले.

झोळंबीचा सडा मात्र खरोखर पाहण्यासारखा आहे. माथ्यावर जांभ्याचे सपाट, उघडे पठार, आणि कडेला उतरले की अंजनी, जांभूळ, हिरडा यांची अशी दाट सावली, की भर दुपारी घड्याळ पाहण्यासाठी मनगट उजेडात न्यावे लागते. पाऊस संपून काही दिवस लोटले होते, तरी पानांवरून थेंब गळत होते आणि पायाखालचा पाचोळा स्पंजासारखा दबत होता. नेमक्या अशा जागी मेहुणा थांबला आणि त्याने माहिती द्यायला सुरुवात केली.

2010 साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान एकत्र करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, हे त्याने सांगितले; चांदोलीला उद्यानाचा दर्जा 2004 सालचा, हेही सांगितले. प्रकल्पाचे क्षेत्रफळ सुमारे 1,165 चौरस किलोमीटर आहे, आणि एवढे क्षेत्रफळ समजावून द्यायला वेळ लागतो. वाटाड्या मात्र तेवढा वेळ जागच्या जागी पाय आपटत उभा होता. मला वाटले, बिचाऱ्याला कंटाळा आला असेल.

जळू ही चालत येत नाही, ती माप घेत येते. एक टोक टेकवायचे, दुसरे त्याच्याजवळ आणायचे, पुन्हा पहिले पुढे टाकायचे. शिंप्याने वीत घालावी तशी ती बुटापासून पोटरीपर्यंतचे अंतर मोजते. माणसाच्या पावलांचा हादरा आणि उच्छ्वास तिला कळतो, चावा मात्र माणसाला कळत नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तुमच्या मोज्यावर कुंकू कुठलं सांडलं?” तेव्हा मेहुणा प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रापर्यंत आला होता.

उजव्या पायावर सात निघाल्या. (डाव्यावर एकही नाही, याचे कारण मला आजतागायत समजलेले नाही.) वाटाड्याने मीठ मागितले. आमच्याजवळ होते ते काकडीला लावायचे तिखट-मीठ. ते टाकताच जळवा निमूटपणे गळून पडल्या. निमूट न राहिलेला जीव एकच होता, आणि व्याघ्र प्रकल्पात त्या दिवशी जी काही डरकाळी ऐकू गेली ती त्याची. आसपास एखादा वाघ असलाच, तर तो त्यानंतर कोयनेच्या बाजूला गेला असणार.

जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, त्यामुळे ती गेली तरी जखम वाहतच राहते. घरी डबे भरून हळद, आणि सांगलीची हळद देशभर जाते. आमच्या पिशवीत मात्र चिमूटभरही नव्हती. परतीच्या वाटेवर मेहुण्याने सुश्रुत काढला. सुश्रुताने जळवांचे बारा प्रकार सांगितले असून त्यांतले सहा विषारी व सहा निर्विष आहेत, आणि लोक वैद्याला पैसे देऊन त्या लावून घेतात, असे त्याचे म्हणणे. आपल्याला यांतल्या कोणत्या सहांचा लाभ झाला, असे मी विचारले, तेव्हा तो खिडकीबाहेरचा ऊस पाहू लागला.

रात्री मोजे धुवायला काढले, तर शिवणीत आठवी निघाली. पोट भरून ती जांभळाएवढी झाली होती आणि झोपल्यासारखी दिसत होती. मी मेहुण्याला फोन केला. तो काही क्षण गप्प राहिला आणि मग अत्यंत गंभीरपणे म्हणाला, “दाजी, राष्ट्रीय उद्यानातून काहीही बाहेर आणायला बंदी आहे.”