पिंजरा, आभाळ आणि 'जरा वाचून लिहीत चला'

'निरीक्षक' साहेब,

स्थलांतर करणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या झोपेवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवरून आभाळातल्या पक्ष्यांची झोप सांगू नका. जरा वाचून लिहीत चला." मतभेदाचं मला वावडं नाही. पण ही बोलायची कुठली रीत? आमच्या सदाशिवातले दुकानदारही गिऱ्हाइकाला याहून बरं बोलतात.

'न झोपणारे पक्षी' हे शीर्षक जरा चटकदार झालं, मान्य. 'कमी झोपणारे' करतो. झालं समाधान?

आता पिंजरा. अमेरिकेत विस्कॉन्सिनला 'व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो' या पक्ष्यांवर झालेलं काम 2004 साली प्रसिद्ध झालं. हे पक्षी अलास्का ते कॅलिफोर्निया ये-जा करणारे. पिंजऱ्यात दाणापाणी समोर, जायचं कुठेच नाही. तरी स्थलांतराचा हंगाम आला की रात्रभर उड्या आणि पंखांची फडफड सुरू, आणि मेंदूच्या विद्युत नोंदींत झोप जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटलेली. अहो, प्रवासच नसताना झोप घटते, म्हणजे ती घटवणारं काहीतरी पक्ष्याच्या आतच आहे, ऋतूला बांधलेलं! आभाळात हे कळलं असतं कसं? प्रवासाने जागवलं की हंगामाने, हे तिथे वेगळं काढणार कोण? ज्याला तुम्ही खोट म्हणता तोच पुरावा आहे.

त्यात आणखी गंमत अशी, की त्या अपुऱ्या झोपेवरही हे पक्षी चोचीने बटणं दाबायचा नवा क्रम व्यवस्थित शिकत होते. स्थलांतराचा हंगाम नसताना मुद्दाम जागवलं, तेव्हा मात्र चुकायला लागले. मी पिंपरीच्या एका कारखान्यात बरीच वर्षं रात्रपाळी केली आहे. सकाळी बसमध्ये डबा विसरायचो, स्वारगेट मागे पडल्यावर जाग यायची. जागरणाने डोक्याचं काय होतं, ते मला कुणी वाचायला सांगू नये.

आणि आभाळातलंच हवं असेल, तर रात्री प्रवास करणारा काळ्या डोक्याचा भारीट हिवाळ्यात आपल्याकडे येतो. सासवडकडे ज्वारीच्या कणसावर भर दुपारी डुलकी काढत बसलेला पाहिलाय मी. पिसं फुगवलेली, एक डोळा मिटलेला, दुसरा माझ्यावर. कॅमेरा वर केला, तसा मिटलेलाही उघडला. याला पिंजरा कुठे होता?

फ्रिगेट हा समुद्रपक्षी गाणारा नाही, अशी आपली आणखी एक हरकत; ते मी लेखातच लिहिलंय. उडताना दिवसाला सरासरी 42 मिनिटं झोपतो तो हाच, हेही तिथेच आहे. आधी पूर्ण वाचा. मेलाटोनिन (झोपेशी संबंधित संप्रेरक), आलेख का नाहीत वगैरे बाकीच्या शंकांना उत्तर द्यायला मला वेळ नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी फक्त खऱ्या नावाने लिहा.